विमानात रुमाल टाकता येत नाही, मग हवी ती सीट धरायची कशी

एसटीत कसं सोपं होतं. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल नाहीतर पिशवी आत टाकली की जागा आपली, मग मागून कोणी कितीही भांडलं तरी "रुमाल दिसला नाही का" म्हणायचं आणि बसायचं. विमानात जागेची सगळी मारामारी दोन दिवस आधीच मोबाइलवर होऊन गेलेली असते आणि आपल्याला ते कळतं कधी, तर काउंटरवरच्या मुलीने २६ ई हातात ठेवल्यावर. ई म्हणजे मधली, आणि २६ म्हणजे जवळजवळ टॉयलेटच्या दारात.

मी कामासाठी महिन्यातून एकदोनदा पुणे-दिल्ली करतो आणि घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढायचं खातंही माझ्याकडेच आहे, आईबाबांचं जर्मनी, बहिणीचं दोन मुलांना घेऊन बंगलोर, सगळं. त्यामुळे मधल्या सीटवर बसून बसून जे शिकलो ते लिहितोय. बिझनेस क्लासवाल्यांनी पुढे वाचू नका, हे इकॉनॉमीवाल्यांसाठी आहे, तेही शक्यतो एक्स्ट्रा पैसे न देता.

आधी एक समजून घ्या, तुम्ही जे तिकीट काढता त्यात सीट असते पण कुठली सीट ते नसतं. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एअरलाइन्सना सीट, जेवण, बॅगा वगैरे वेगळं करून विकायला परवानगी दिलेली आहे, तिकडे याला अनबंडलिंग म्हणतात, आपण थाळीतली पापड-चटणी वेगळी लावणं म्हणू. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनला, म्हणजे घरबसल्या ॲपवर सीट पक्की करतो तेव्हा, सगळ्याच सीट्सना पैसे लावले तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, विमान वाहतूक मंत्रालयाने पण आम्ही बघतो म्हणून सांगितलं, पण पैसे घेणं काही बंद झालं नाही. मग मे २०२० मध्ये कोविडनंतर विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन कम्पल्सरी झालं, आणि पुढे काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे वेगळे पैसे घेणं सुरू झालं, ते मात्र जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने असे पैसे घेता येणार नाहीत म्हणून सांगितलं. म्हणजे सध्याचा हिशोब असा की पसंतीची सीट हवी तर पैसे, आणि "जी मिळेल ती चालेल" म्हटलं तर फुकट. आपल्याला या दोघांच्या मधे कुठेतरी घुसायचंय.

घुसायची पहिली जागा म्हणजे घड्याळ. देशात बऱ्याच एअरलाइन्सचं वेब चेक-इन विमान सुटायच्या ४८ तास आधी उघडतं. परदेशी जाताना एमिरेट्सचं ४८ तास, ब्रिटिश एअरवेजचं २४ तास, अमेरिकेतल्या एअरलाइन्सचं बहुतेक २४ तास. तुमच्या एअरलाइनचं काय ते तिच्या ॲपवर बघून घ्या आणि मोबाइलमध्ये अलार्म लावा, मनात ठेवू नका, मनात ठेवलेलं सगळं मी विसरलोय. तो अलार्म का, तर चेक-इन उघडतं तेव्हा फुकटवाल्या सीट्स मधल्या आणि मागच्या का असेनात पण भरपूर असतात, आणि अगदी शेवटच्या ओळीतली मधली आणि १८ व्या ओळीतली मधली यात फरक असतो की नाही? शिवाय काही परदेशी एअरलाइन्समध्ये बुकिंगच्या वेळी पैसे मागणाऱ्या साध्या सीट्स चेक-इन उघडल्यावर फुकट होतात, एमिरेट्सचं तसंच आहे, त्यामुळे तिकीट काढतानाच घाबरून दोन माणसांच्या सीट्सचे पैसे भरून टाकले तर उगाच गेले. माझ्या एका मित्राने भरले, आणि त्याच्या मागच्या ओळीतल्या माणसाने तशीच खिडकी फुकट घेतली होती, हे त्याला दुबईपर्यंत पुरलं.

वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल तर अजून एक घोळ. मेकमायट्रिपसारख्या ठिकाणी काढलं की त्यांचा बुकिंग आयडी वेगळा आणि एअरलाइनचा पीएनआर वेगळा, सीट घ्यायला तो एअरलाइनचाच सहा अक्षरांचा पीएनआर लागतो, तो ई-तिकिटात कुठेतरी बारीक अक्षरात असतो. आणि परदेशी जाताना तिकीट एका एअरलाइनचं आणि विमान दुसरीचं असं असेल, म्हणजे कोडशेअर, तर जिचं विमान उडणार तिचा पीएनआर वेगळा असू शकतो, तो मागून घ्या. दोन महिने आधी फोन करून मागितला तर सीट्स निवांत बघता येतात, आदल्या रात्री अकरा वाजता मागितला तर होल्डवरचं म्युझिक ऐकत बसा.

आता ॲपमधला खेळ. चेक-इनला गेलं की सगळ्यात आधी विमानाचा नकाशा येतो आणि त्यावर वेगवेगळ्या रंगाच्या सीट्स, प्रत्येकीवर किंमत, शे-दोनशेपासून पुढे दीड-दोन हजारांपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं यातली एक घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. तसं नसतं. कुठेतरी कोपऱ्यात स्किप नाहीतर तत्सम काहीतरी लिहिलेलं असतं, कधी खाली स्क्रोल करावं लागतं, कधी "तुम्हाला नक्की मधल्या सीटवर बसायचंय का" टाइप एक पॉपअप येतो, त्याला हो म्हणायचं, तो मुद्दाम घाबरवायलाच टाकलेला असतो. पण स्किप करायच्या आधी अख्खा नकाशा मागपर्यंत सरकवून बघा, बऱ्याचदा शून्य रुपयांच्या सीट्स मागे दडलेल्या असतात, आणि त्यात एखादी आयलची, म्हणजे वाटेकडची, निघते. स्किप केलं तर सिस्टीम देईल ती, आणि सिस्टीम काय देणार, जी कोणी विकत घेत नाही ती.

मग पैसे कधी द्यावेत? माझं सरळ मत, दीड-दोन तासांच्या प्रवासाला देऊ नयेत. मधल्या सीटवर दोन तास बसून कोणी मेलेलं नाही, तेवढ्या पैशात एअरपोर्टवर दोघांचं खाणं होतं (बरं, एकाचं होतं). पण रात्रीचं आठ-नऊ तासांचं विमान असेल, गुडघे दुखणारं माणूस असेल, उंची सहा फूट असेल किंवा लहान मुलं असतील तर द्या, तिथे काटकसर करून दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसण्यात काही मजा नाही.

पण पैसे देताना काय विकत घेतोय ते बघून घ्या, आणि त्यासाठी आधी विमान कुठलं आहे ते माहीत पाहिजे. लोक इथेच गंडतात, खिडकी म्हणजे खिडकी असं धरून चालतात. तिकिटात किंवा फ्लाइटच्या डिटेल्समध्ये ए३२०, ए३२१, ७३७, एटीआर असं लिहिलेलं असतं. इंडिगोकडे बहुतेक ए३२० आणि ए३२१, लहान गावांना एटीआर. अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेसकडे ७३७ जास्त. ए३२० आणि ७३७ दोन्हीत तीन-तीन सीट्स, ए आणि एफ खिडकी, सी आणि डी आयल, बी आणि ई बिचारे. ए३२० चं पोट थोडं रुंद असतं त्यामुळे सीट साधारण १८ इंचांची, ७३७ मध्ये १७ च्या आसपास, एक इंचाने काय होतंय असं वाटेल पण बाजूला माझ्यासारखा माणूस आला की तो एक इंच आठवतो.

७३७ ची अजून एक गंमत, ती मी पैसे देऊन शिकलो. डाव्या बाजूला पंखाच्या थोडं पुढे एका ओळीला खिडकीच नसते, कारण तिथून एसीच्या हवेचा पाइप भिंतीतून वर जातो. नकाशात ती मस्त ए सीट म्हणून दिसते, पैसे पण खिडकीचेच घेतात. मी साडेतीनशे रुपये भरून ऐटीत जाऊन बसलो तर बाजूला अख्खी भिंत, प्लास्टिकची, गुळगुळीत. एअर होस्टेसला विचारलं तर ती म्हणाली सर ही विंडो सीटच आहे. म्हटलं बरोबर आहे, फक्त विंडो तेवढी विसरलात. पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी एरोलोपाच्या वेबसाइटवर आधी विमान बघतो, तिथे एअरलाइनप्रमाणे सीट्सचे नकाशे असतात आणि खिडक्या पण जिथल्या तिथे काढलेल्या असतात, कुठली खिडकी दोन सीट्सच्या मधे येते ते सुद्धा दिसतं. आणि फ्लाइटरडार२४ वर आपला फ्लाइट नंबर टाकला की गेले काही दिवस त्या नंबरला कुठलं विमान येतंय ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे.

खिडकी कशाला हवी त्यावर पण अवलंबून आहे. बाहेर बघायला हवी असेल तर पंखावरची घेऊ नका, ए३२० मध्ये साधारण दहाव्या ओळीपासून एकोणीस-विसाव्या ओळीपर्यंत खाली पंखच दिसतो. पण ज्यांना विमान हललं की पोटात ढवळतं त्यांनी मात्र तिथेच बसावं, कारण झोपाळ्याचं जसं दांडीजवळ कमी हलतं तसं विमान पंखांच्या आसपास कमी हलतं आणि शेपटीकडे जास्त. इंजिनाचा आवाज नको असेल तर पंखाच्या पुढे. एटीआर विमानाचे पंख वर असतात, छत्रीसारखे, त्यामुळे बहुतेक खिडक्यांतून खालचं छान दिसतं, पावसाळ्यात सह्याद्रीवरून जात असाल तर पैसे वसूल. फक्त एटीआरमध्ये चढायचं मागच्या दारातून, त्यामुळे तिथे पुढची सीट पैसे देऊन घेणारे लोक सगळ्यात शेवटी उतरतात, मला दरवेळी हसू येतं.

ऊन हा आपल्याकडचा मोठा विषय, आणि त्याचा विचार कोणी करत नाही. मुंबई किंवा पुण्याहून सकाळी दिल्लीला जाताना विमानाचं तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन उजवीकडून एफ वर येणार, सकाळी ए घ्या. संध्याकाळी उलट, ए वर ऊन. बंगलोरला जाताना सकाळी डावीकडे ऊन. साधी शाळेतली भूगोलाची दिशा लावायची. आणि दिल्लीहून बागडोगरा नाहीतर गुवाहाटीला जात असाल तर डोळे झाकून डावी खिडकी, हवा स्वच्छ असली तर हिमालय अख्खा बाजूने चालत असतो, येताना उजवी. याला पैसे दिले तरी मला वाईट वाटत नाही. मुंबईत उतरताना विमान बऱ्याचदा ठाण्याच्या खाडीकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून येतं, तेव्हा उजवीकडे पवई आणि विहार तलाव दिसतात. टेकऑफ त्याच दिशेने जुहूवरून समुद्रावर होतो, मग डाव्या खिडकीतून वांद्रे-वरळी सी लिंक दिसायचा चान्स असतो. पुण्याच्या लोकांनी मात्र फोटोसाठी खिडकी घेऊ नये, लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथे फोटोला बंदी आहे. मे २०२५ मध्ये तर संरक्षण दलाच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, टेकऑफ-लँडिंगला खिडकीचं शटरच खाली ठेवायचा आदेश डीजीसीएने काढला होता, म्हणजे खिडकी असून भिंत, माझ्यासारखीच.

इमर्जन्सी एक्झिटची ओळ सगळ्यांना हवी असते, पाय पसरता येतात म्हणून. ए३२० मध्ये पंखावर दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं, म्हणजे दोन ओळी, इंडिगोत साधारण १२ आणि १३. यातली पुढची जी ओळ असते तिची पाठ मागे जात नाही, मागच्या ओळीचा बाहेर पडायचा रस्ता अडू नये म्हणून. म्हणजे पैसे सारखेच देणार असाल तर मागची घ्या. त्या ओळीत पायाशी बॅग ठेवू देत नाहीत, लहान मुलं, गरोदर बाई, व्हीलचेअर मागितलेलं माणूस यांना तिथे बसू देत नाहीत, आणि एअर होस्टेस येऊन दार कसं उघडायचं ते समजावते तेव्हा कानातले हेडफोन काढून ऐकायचं असतं, नाहीतर उठवून दुसरीकडे बसवू शकतात. आईबाबांना आराम म्हणून ही सीट घेऊन देणारे बरेच जण आहेत, ते करू नका, ऐनवेळी त्यांना तिथून उठवलं तर हवी ती आयल पण गेलेली असते. पहिल्या ओळीचं पण तसंच आहे, पाय मोकळे पण बॅग वर ठेवायला लागते, आणि ट्रे हातावरच्या दांडीतून निघतो म्हणून ती दांडी वर होत नाही.

पुढची सीट की मागची? पुढून लवकर उतरता येतं हे खरं, पण ते एरोब्रिज, म्हणजे विमानाच्या दाराला लागणारा बोगदा, असेल तर. विमान लांब उभं करून बसने नेत असतील तर बऱ्याचदा पुढून-मागून दोन्हीकडून शिड्या लागतात, मग मागच्या ओळीतला पण पटकन उतरतो आणि अडकतो तो मधला, १५-१६ वाला. शिवाय उतरून सगळे एकाच बसमध्ये थांबणार आणि पुढे बेल्टवर बॅगेची वाट बघणार. चेक-इन बॅग असेल तर लवकर उतरायला पैसे देण्यात अर्थ नाही. अगदी शेवटची ओळ मात्र टाळा, पाठ मागे जात नाही, आणि टॉयलेटची रांग तुमच्या खांद्याला टेकून उभी राहते.

दोघं जात असाल तर एक जुनी युक्ती आहे. शेजारशेजारच्या ए आणि बी न घेता ए आणि सी घ्यायच्या, मधली बी मोकळी ठेवायची, मधली सीट मुद्दाम कोण घेतंय, विमान फुल नसलं तर ती रिकामी राहते आणि तीन सीट्स दोघांना. आणि आलाच कोणी तर त्याला खिडकी नाहीतर आयल देऊ केली की तो खुश होऊन सरकतो. फक्त त्याला देऊन मग त्याच्या अंगावरून गप्पा मारू नका, एकाने तर माझ्या मांडीवरून बायकोला ठेपल्याचा डबा पास केला होता, एकदा नाही, तीनदा. आणि दिवाळी, गणपती, मे महिना, लाँग वीकेंड यांना ही युक्ती विसरा, तेव्हा एकही सीट रिकामी जात नाही. काही एअरलाइन्स शेजारची सीट रिकामी ठेवायला पैसे घेऊन तशी सोय देतात, इंडिगोने २०२० मध्ये डबल सीट म्हणून काढली होती, एतिहादकडे पण शेजार मोकळा ठेवायची सोय आहे, लुफ्थान्साने २०२१ मध्ये लांबच्या विमानांत अख्खी ओळ झोपायला द्यायला सुरुवात केली. बिझनेसच्या मानाने स्वस्त पडतं, पण आधी हिशोब करून बघा.

आता आईबाबांचं, म्हणजे लांबचं विमान. अर्ध्या महाराष्ट्राची मुलं बाहेर आहेत आणि सत्तरीतले आईवडील एकटे-दुकटे सीॲटल, म्युनिक, मेलबर्न करत असतात, त्यांच्यासाठी सीट हा शौक नाही. रात्री दोनदा उठावं लागतं, शुगरमुळे, पायांना सूज येते, आणि झोपलेल्या अनोळखी माणसाला हलवायचा संकोच इतका की आई माझी सात तास तशीच बसून राहिली होती, पाणीसुद्धा प्यायली नाही, उठावं लागेल म्हणून. त्यामुळे दोघांनाही आयल, तेही एकमेकांसमोरची, मधून वाट. एक खिडकी एक मधली असं चुकूनही नको.

पण आयल पण कुठली, तर मधल्या ब्लॉकची. ७७७ सारख्या मोठ्या विमानात इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी तीन-चार-तीन असतात. तिनाच्या ब्लॉकमध्ये आयलला बसलात तर आतले दोघं तुमच्यावरून ये-जा करणार. चाराच्या ब्लॉकमध्ये आयलला बसलात तर आतल्या दोघांपैकी एक तुमच्याकडून जातो आणि दुसरा पलीकडून, म्हणजे झोप निम्मीच मोडते. तीन-तीन-तीनवाल्या ७८७ किंवा ए३५० मध्ये मधल्या ब्लॉकची आयल तर अजून चांगली, मधे एकच माणूस, तो पण पलीकडून जाऊ शकतो. ए३३० असेल तर नवराबायकोसाठी लॉटरी आहे, दोन-चार-दोन, खिडकीकडच्या दोन सीट्स घ्या, तिसरा कोणी नाहीच. ७७७ मध्ये सुद्धा अगदी मागे विमान निमुळतं होतं तिथे शेवटच्या काही ओळींत तिनाच्या जागी दोनच सीट्स असतात, मागे हलतं थोडं पण जोडीला बरं, लोकांना माहीत नसतं म्हणून त्या उशिरापर्यंत शिल्लक असतात.

आयलच्या सीटला वाटेकडची हाताची दांडी वर होत नाही असं वाटतं, पण बऱ्याच विमानांत दांडीच्या खाली मागच्या सांध्याजवळ एक छोटा खटका लपलेला असतो, तो दाबला की दांडी वर होते. गुडघे दुखणाऱ्यांना बसता-उठताना याचा केवढा उपयोग होतो सांगू. आईबाबांना निघायच्या आधी घरीच खुर्चीवर दाखवून ठेवा, नाहीतर ते विमानात फोन करायला जातील.

तान्हं बाळ असेल तर पाळण्याची सीट मागायची, भिंतीसमोरची असते, तिथे भिंतीला पाळणा लावतात. पाळणे मोजकेच असतात आणि वजनाची मर्यादा असते, म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी फोन करून बाळाचं वजन सांगून नोंदवा. थोड्या मोठ्या मुलांचं म्हणाल तर एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा बाबा किंवा पालकाशेजारी सीट द्यायलाच हवी. "त्याच पीएनआरवर" हे महत्त्वाचं. माझ्या बहिणीने ऑफरसाठी दोन तिकिटं वेगळी आणि दोन वेगळी काढली आणि मग मुलगा नवव्या ओळीत, ती बाविसाव्या. चारशे रुपये वाचले आणि विमानतळावर पाऊण तास गेला. आणि लक्षात घ्या, नियमात दोघांपैकी एक पालक आहे, अख्खं कुटुंब एका ओळीत बसवायची जबाबदारी एअरलाइनची नाही.

बायका एकट्या प्रवास करत असतील तर इंडिगोने २०२४ पासून वेब चेक-इनला कुठल्या सीट्स महिलांनी घेतल्यात ते महिला प्रवाशांना दाखवायची सोय केलीय, तिकीट काढताना जेंडर नीट भरलेलं पाहिजे. रात्रीच्या विमानाला बहिणीने वापरली, तिला आवडली.

सगळं करून मधलीच आली, तर अजून दोन दारं आहेत. एक म्हणजे चेक-इन काउंटर. गर्दी नसलेल्या वेळी जा, म्हणजे काउंटर बंद व्हायच्या अगदी तोंडावर नाही आणि सगळ्यांच्या बॅगा ओव्हरवेट निघत असतात तेव्हा पण नाही, आणि सरळ विचारा, "आयल किंवा पुढे काही मोकळं आहे का, बाबांचे गुडघे दुखतात." खरं कारण द्या, थोडक्यात द्या, हसून द्या. ॲपमध्ये न दिसणाऱ्या काही सीट्स त्यांच्या हातात असतात, देणं न देणं त्यांच्या मर्जीवर. "आम्ही एवढे पैसे भरलेत" ने सुरुवात केली की २६ ई पक्की. दुसरं दार म्हणजे गेट. तिथे शेवटच्या क्षणी न आलेल्या लोकांच्या सीट्स मोकळ्या होतात.

आणि विमानात शिरल्यावर, दारं बंद झाल्यावर रिकाम्या सीट्स दिसल्या तर एअर होस्टेसला विचारून हला, आपल्या आपण नाही. पैशांची सीट असेल तर नाही म्हणतील, आणि एटीआरसारख्या लहान विमानात तर कोण कुठे बसलंय यावर वजनाचा तोल असतो, तिथे मागचे चार जण पुढे येऊन बसले तर त्यांना खरंच फरक पडतो. विमान वर स्थिर झाल्यावर विचारा, तेव्हा बऱ्याचदा हो म्हणतात.

सीट बदलून मागायची असेल तर एकच नियम, तुमच्याकडे समोरच्याइतकी चांगली किंवा त्याहून चांगली सीट पाहिजे. "दादा, मिसेस तिकडे आहेत, तुम्ही जरा माझ्या जागेवर जाता का" म्हणायचं आणि ती जागा ३० बी, याला अदलाबदल म्हणत नाहीत, याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. त्याने पैसे भरले असतील. आयलच्या बदल्यात आयल द्या, पुढची द्या, आणि तो नाही म्हणाला तर तिथेच विषय सोडा, दीड तास बायको दहा ओळी लांब बसली तर संसार मोडत नाही. उलट तुम्हाला कोणी विचारलं आणि द्यायची नसेल तर कारणं देत बसू नका, "नाही हो, मी मुद्दाम घेतलीय" एवढं पुरतं. लहान मुलापासून लांब पडलेली आई असेल तर मात्र मी उठतो, मधल्या सीटवर पण जातो, कुरकुरत का होईना.

शेवटची गोष्ट म्हणजे पैसे देऊन घेतलेली सीट सुद्धा बदलू शकते, विमान बदललं की नकाशा बदलतो आणि तुमची १३ एफ कुठे जाते कोणाला माहीत. म्हणून सीट घेतल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, निघायच्या दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी एकदा ॲप उघडून सीट जागेवर आहे का बघा, आणि हलवली असेल तर विमानात जाऊन वाद घालू नका, काउंटरवर सांगा, नाहीच जमलं तर त्या सीटचे पैसे परत मागा, मेल करून मागा, फोनवर नाही. माझ्या पाचशेचे आले होते, दोन मेल आणि तीन आठवडे लागले, पण आले. भिंतीवाले साडेतीनशे मात्र अजून यायचेत.